पाच मिनिटांचे मर्ज

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच वाजता, म्हणजे शहाण्या माणसाने मेन ब्रँचच्या (कोडच्या मुख्य शाखेच्या) वाटेलाही जाऊ नये अशा वेळी, 'तेवढी डेव्हलप मेनमध्ये मर्ज करून टाक, पाच मिनिटांचे काम आहे,' असे आमच्या टीम लीडने चहाच्या कपातून मान वर न काढता सांगितले. डेव्हलप ही नव्या बदलांची शाखा आणि मर्ज म्हणजे दोन शाखांतले बदल एकत्र करणे. गेल्या तीन आठवड्यांत मी मेनकडे ढुंकूनही पाहिले नव्हते, हे मी त्याला सांगितले नाही.

मेनवर जाऊन पुल केले (सर्व्हरवरचे ताजे बदल उतरवून घेतले), 'गिट मर्ज डेव्हलप' लिहून एंटर दाबला आणि चौदा फायलींत कॉन्फ्लिक्ट, म्हणजे तंटा, असल्याचे गिट या कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने जाहीर केले. गिटची रीत तलाठ्याची आहे. दोन्ही ब्रँचेस जिथून फुटल्या तो सामाईक पूर्वज शोधून तो दोघांच्या नोंदी त्याच्याशी ताडून पाहतो; एकानेच ओळ बदलली असेल तर तो बदल निमूटपणे घेतो, मात्र एकाच ओळीवर दोघांनी नांगर फिरवला असेल तर हात वर करतो. मग वर 'पेक्षा लहान'ची सात चिन्हे, त्याखाली मेनचे म्हणणे, मध्ये सात 'बरोबर' चिन्हांचा बांध, पलीकडे डेव्हलपचे म्हणणे आणि शेवटी 'पेक्षा मोठे'ची सात चिन्हे, असा पंचनामा फायलीतच लिहून ठेवतो. निवाडा आपण करायचा. २००५ साली लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) कामासाठी गिट लिहिणारे लिनस टॉरव्हाल्ड्स आपण प्रकल्पांना स्वतःचेच नाव देतो असे गमतीने म्हणत. ब्रिटिश बोलीत 'गिट' म्हणजे नकोसा माणूस, हे त्या संध्याकाळी मला फार पटले.

चौदांपैकी अकरा तंट्यांचे मूळ एकच होते. एका सहकाऱ्याने सगळे टॅब काढून जागोजागी चार-चार स्पेस दिले होते आणि तो स्वतः गावी आंबे खायला गेला होता. माझा बदल एका शब्दाचा, पण वादात चाळीस ओळी! रिकाम्या जागेतील फरकाकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय मर्जच्या आज्ञेतच देता येतो, हे मला अकरावी फाइल हाताने सोडवून झाल्यावर कळले.

बाराव्या फायलीत वादी मी आणि प्रतिवादीही मीच निघालो. बिलातील पैसे रुपयांत पूर्ण करण्याची एक दुरुस्ती मी मेनवर घाईघाईने केली होती आणि तीच डेव्हलपवर सावकाश, वेगळ्या रीतीने केली होती. दोन्ही कमिटांचा, म्हणजे बदलांच्या नोंदींचा, संदेश 'फिक्स' एवढाच असल्यामुळे साक्षीदारही फितूर झाला. अखेर अधिक लांब असलेला कोड मी विश्वासार्ह मानला.

नऊ वाजता बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणे) आणि टेस्ट न चालवताच पुश केले, म्हणजे सर्व्हरवर चढवले, कारण शेवटची कंपनी बस सव्वानऊची होती.

शनिवारी सकाळी आठ वाजता लीडचा फोन आला, की मेनचा बिल्डच होत नाही. आंबेवाल्या सहकाऱ्याने जाता जाता एका फंक्शनचे नाव बदलले होते, आणि माझी नवी फाइल त्याला अजून जुन्या नावाने हाक मारीत होती. दोन फायली वेगळ्या, ओळी वेगळ्या, त्यामुळे गिटच्या दफ्तरी तेथे काही वादच नव्हता. मर्ज कमिटवर मात्र नाव माझे होते.