‘पुणेकर बसमध्ये बसणारच नाही’ म्हणणाऱ्यांना

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: बीआरटी (बससाठी राखून ठेवलेली वेगळी मार्गिका) फसली, म्हणजे पुणेकराला बस नकोच आहे. पीएमपी, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडची शहर बससेवा, तोट्यात आहे, तिच्यावर पैसा घालवू नका. रस्ते रुंद करा, उड्डाणपूल बांधा. आता मेट्रो आहेच. आणि बाकीचं एखादा खमक्या अधिकारी आणला की तो बघून घेईल. मजकूर ठसकेबाज आहे, म्हणून तर लोक न तपासता पुढे ढकलतात.

आधी बीआरटी. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातला पहिला प्रयोग पुण्यात झाला, हे खरं. पण केलं काय? थांबे रस्त्याच्या मधोमध, आणि तिथवर जायला धड क्रॉसिंग नाही. बसच्या मार्गिकेत दुचाक्या, रिक्षा, ज्याला वाट मिळेल तो. सगळ्यात वाईट म्हणजे चौक किंवा उड्डाणपूल आला की मार्गिकाच गायब. कोंडी जिथे होते नेमकी तिथेच बस पुन्हा गर्दीत. नगर रस्त्यावर २०१६ मध्ये मार्ग सुरू केला, तो तर पुढे उखडूनच टाकला. आता नदी ओलांडून पिंपरी-चिंचवडला जा. सांगवी–किवळे मार्ग २०१५ मध्ये सुरू झाला. बसच्या पायरीच्या उंचीचे थांबे, सलग मार्गिका. घुसखोर तिथेही आहेत, पण बस चालते. पीएमपी तीच, प्रवासी तसेच. मग फसलं ते काय?

‘पुणेकर बसत नाही’ हे तर सकाळी कात्रजला दाराच्या दांडीला लोंबकळणाऱ्यांसमोर जाऊन म्हणावं. पीएमपीतून रोज दहा लाखांच्या आसपास लोक जातात, तेही बस पुरेशा नसताना. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाचा चांगल्या सेवेचा निकष १ लाख लोकांमागे ६० बसचा आहे. २०११ च्या जनगणनेत दोन्ही शहरं मिळून ४८ लाखांवर होती, म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने २,९०० बस हव्यात. आज पीएमपीकडे साधारण २,००० आहेत. त्यातल्या काही डेपोत पडून, काही आसपासच्या गावांना जाणाऱ्या. अर्धा तास थांबून भरलेली बस समोरून न थांबता गेली की माणूस हप्त्यावर स्कूटर घेतो, आणि मग आपण म्हणतो, बघा, याला बस नको होती.

तोटा आहेच. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका तो ६०:४० अशा वाट्याने भरून देतात. उड्डाणपूल किती कमावतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

तसंही उड्डाणपुलांचा अनुभव पुण्याला गाठीशी आहे. विद्यापीठ चौकातला पूल बांधला आणि २०२० मध्ये पाडला, जेमतेम पंधरा वर्षांत. मेट्रोसाठी जागा लागली, शिवाय कोंडी त्यानं कधी सोडवली नव्हतीच. रुंद रस्ता नवीन गाड्या बोलावतो. त्या विजेवर चालल्या तरी जागा तेवढीच अडवतात.

मेट्रो मात्र उत्तम झाली, यात वाद नाही. मार्च २०२२ मध्ये वनाज–गरवारे आणि पिंपरी–फुगेवाडी, सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत. पण पहिला टप्पा सुमारे ३३ किलोमीटरचा. कोंढवा, उंड्री, धायरीच्या माणसाला स्टेशनपर्यंत नेणार कोण? बसच. आणि स्टेशनबाहेर चालायला पदपथ हवा, तिथे लावलेल्या गाड्या नकोत.

राहिला खमक्या अधिकारी. तोही प्रयोग झालाय. २०१७ मध्ये तुकाराम मुंढे पीएमपीत आले, भराभर शिस्त लावली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये बदली होऊन गेले. अधिकारी डेपोतल्या बंद बस बाहेर काढू शकतो, गैरहजर कर्मचाऱ्याला जाब विचारू शकतो. रस्त्यावरची जागा गाड्यांकडून काढून बसला देणं त्याच्या एकट्याच्या हातात नाही. ते महापालिका, वाहतूक पोलीस आणि नगरसेवकांनी मिळून ठरवायचं असतं, आणि तिथे दुकानदारांचा पार्किंगसाठीचा ओरडा सोसावा लागतो. मेसेज लिहिणाऱ्यानं हा ओरडा सोसायची तयारी असलेला एक नगरसेवक शोधावा, आणि त्याला विचारावं: आमच्या प्रभागातल्या कोणत्या रस्त्याची एक मार्गिका सकाळी आठ ते अकरा फक्त बसला देणार?