तान्ह्या बाळासाठी वाचन : एक खुलासा

‘अक्षरओळख होईपर्यंत मुलाला पुस्तक वाचून दाखवणे व्यर्थ आहे, आणि बाळ पुस्तक तोंडात घालत असेल तर त्याला वाचनाची आवड नाही’ असा संदेश सध्या पालकांमध्ये फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत. गर्भातच ऐकू लागलेले बाळ जन्मतः आईचा आवाज ओळखते, आणि वाचून दाखवताना त्याला अक्षरे नव्हे, तर आवाजाचे चढउतार, रोजच्या बोलण्यात क्वचितच येणारे शब्द आणि जवळच्या माणसाचे अखंड लक्ष मिळत असते. म्हणूनच अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये जन्मापासूनच मोठ्याने वाचून दाखवण्याची शिफारस केली. सहा महिन्यांच्या सुमारास बाळ प्रत्येक वस्तू तोंडाने तपासते, त्याला पुस्तक अपवाद कसे असेल? जाड पुठ्ठ्याची पुस्तके त्यासाठीच असतात. पाने उलटसुलट चाळणे किंवा मध्येच उठून जाणे हेही त्या वयाला धरूनच आहे. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागितली जाते (मोठ्यांची कसोटी खरी तिथे लागते), पण त्या पुनरावृत्तीतूनच शब्द पक्के होत असल्याने ती टाळू नये. मात्र तान्ह्या बाळाला अक्षरे घोकून घेण्याचा अट्टहास करणे म्हणजे वाचनाची गोडी लावणे नव्हे.