स्पीकरची वायर : पैसे कुठं घालायचे आणि कुठं नाही

स्पीकरच्या वायरनं आवाज बदलतो काय? बदलतो. पण दुकानदार जे कारण सांगतात त्या कारणानं नाही, आणि हे एकदा नीट लिहून टाकायचंच होतं, कारण आपल्या बेळगाव भागातली साधी नोकरी करणारी, गाण्याची हौस असलेली पोरं ह्यात पगार घालवायला लागलीत आणि मला ते बघवत नाही. परवा निपाणीच्या एकानं विचारलं, काका, स्पीकर अठरा हजाराचे घेतलेत, आता दुकानदार म्हणतोय बारा हजाराची केबल घातल्याशिवाय त्यांचा खरा आवाज येणारच नाही, घेऊ काय? घेऊ नको बाबा.

मुख्य गोष्ट रेझिस्टन्सची, म्हणजे वायर करंटला जो अडथळा करते त्याची आहे बघा, तो ओहममध्ये मोजतात. आपल्याकडं सर्रास जी बारीक लाल-काळी वायर घालतात ती 14/76, म्हणजे 0.0076 इंच जाडीच्या चौदा तारा, तांबं जेमतेम 0.4 स्क्वेअर एमएम. दहा मीटर टाकली की जाऊन-येऊन वीस मीटर झाली आणि रेझिस्टन्स 0.8 ओहमच्या पुढं. आठ ओहमच्या स्पीकरला तेवढ्यानं काय होतंय असं वाटेल, पण स्पीकरच्या मागं लिहिलेला तो आठ सगळ्या सुरांना सारखा नसतो की, कुठं तो पाचावर उतरतो तर खर्जात कुठंतरी तीसपर्यंत चढतो. मग पाचाच्या जागी वायर जास्त आवाज खाते, तीसच्या जागी जवळजवळ खातच नाही, आणि हिशोब केला तर दोन्हींत एक डेसिबलच्या (आवाजाच्या जोराचं माप) आसपास फरक पडतो. एवढा फरक कानाला कळतो. आवाज नुसता कमी होत नाही, त्याचा तोलच बदलतो. तीच दहा मीटर 2.5 स्क्वेअर एमएमची घाला, फरक 0.2 डेसिबलवर येतो. तीन-चार मीटरचंच काम असेल तर 40/76 सुद्धा पुष्कळ झाली. गणपत गल्लीत, खडेबाजारात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते.

(कोणीतरी विचारणारच की मग गणपतीत भोंग्यांना गल्लीभर बारीक वायर कशी चालते. तिथं 100 व्होल्टची लाईन असते, प्रत्येक भोंग्याला ट्रान्सफॉर्मर, करंट कमी म्हणून वायर बारीक चालते. घरच्या अॅम्प्लिफायरला ते गणित लागू नाही.)

वायर घेताना मात्र एक बघाच. टोक सोलून एक तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांबं नव्हे, तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे, रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपट. स्वस्त मिळाली म्हणून बंडलच्या बंडल नेतात लोक.

वायरवर बाण छापून दिशा दाखवतात त्यालाही काही अर्थ नाही, स्पीकरला जाणारा करंट एसी असतो, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उलटसुलट होतो, त्याला कसली आलीय दिशा. स्किन इफेक्टची, म्हणजे वरच्या सुरांना करंट तारेच्या कडेकडेनंच वाहतो ह्याची भीती घालतात तीही ऐकू नका, 20 किलोहर्ट्झला सुद्धा करंट तांब्यात जवळपास अर्धा मिलिमीटर आत जातो, घरच्या लांबीला त्यानं काही बिघडत नाही.

खरी गडबड टोकांना होते. आपल्याकडचा पाऊस, त्यातून खानापूरच्या बाजूला घर असेल तर विचारूच नका, चार पावसाळे काढलेल्या वायरचं टोक स्पीकरमागनं काढून बघा, तांबं काळपट नाहीतर हिरवट पडलेलं असतं, दोन-चार तारा तुटलेल्या आणि स्प्रिंगची क्लिप ढिली. नवीन महागडी केबल घातली आणि आवाज एकदम खुलला म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं नुसतं हे टोक स्वच्छ झालेलं असतं असं माझं ठाम मत आहे. जुनीच वायर इंचभर कापा, नव्यानं सोला, तारा पिळून घट्ट बसवा, मग ऐका.

आणि लाल-काळं तपासा, हात जोडून सांगतो. एक स्पीकर जरी उलटा लागला तरी आवाज येतो म्हणून कुणाला कळत नाही, पण डग्ग्याचा घुमारा जातो आणि गाणारा मधोमध बसायचा सोडून खोलीभर पसरतो. वायरी अॅम्प्लिफायरमधनं काढा, दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, प्लसला लाल आणि मायनसला काळी क्षणभर टेकवा. वूफरचा, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या गोल स्पीकरचा पडदा बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर कुठंतरी उलट झालंय. दोन्ही स्पीकर एकाच बाजूला हलले पाहिजेत एवढंच.

निपाणीच्या त्या पोराला मी म्हटलं, ते बारा हजार राहू देत, आधी स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढं ओढ, खाली जड स्टँड कर, फरशी उघडी आहे तिथं सतरंजी घाल. आपल्या घरांत शहाबादी फरशी, उघड्या भिंती, टाळी वाजवली तर घुमते, त्या खोलीत केबल काय करणार? आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं कुठलंही रेकॉर्डिंग लावा आणि फक्त मागचा तानपुरा ऐका, सतरंजी घालायच्या आधी आणि नंतर.

तरीही ज्यांना वाटतं की महाग केबलचा आवाज वेगळा असतो, त्यांनी टिळकवाडीत माझ्याकडं यावं, आपली केबल घेऊन यावं. आवाज मीटरवर सारखा करून घेऊ, कारण जरासा मोठा वाजला की तोच चांगला वाटतो, मग पडद्यामागं मी वायर बदलतो, तुम्ही ओळखायचं. रविवारी सकाळी घरीच असतो, चहा माझ्याकडनं.