कादंबरीचे संवाद पाठ करून इतिहास येत नाही

माझी धाकटी बहीण नाशिकला असते. तिचा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि गेल्या जूनपासून घरीच शिकतो. रविवारी सकाळी तिचा एक फॉरवर्ड आला. खाली तिनं लिहिलं होतं, "दादा, हे बरोबर आहे ना? पुस्तकं मागवतेय." मी वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसतो. हीच यादी मोबाइलवर दाखवत दोन पालक आधीच येऊन गेले होते. तेव्हा हसून सोडून दिलं. आता ती आमच्याच घरात शिरल्यावर गप्प बसवेना.

फॉरवर्डचं म्हणणं असं. घरी शिकणाऱ्या मुलांना मध्ययुग शिकवायचं तर पाठ्यपुस्तकं रद्दीत घाला, त्यांत महाराजांना एक परिच्छेद आणि बाकी सगळे मुघल. त्याऐवजी ऐतिहासिक कादंबऱ्या घ्या आणि त्यांतले संवाद मुलांकडून पाठ करून घ्या. जोडीला बखरी, कारण त्या डोळ्यांदेखत लिहिल्या गेल्यात. फारसी आणि इंग्रजी साधनं शत्रूची, ती नकोत. सनावळीही नको. सुरुवात १६३० पासून करा, त्याआधी नुसता अंधार. आणि शेवटी ठरलेलं, 'प्रत्येक मराठी घरात पोचवा'.

पाठ्यपुस्तकांचं आधी उरकतो. एनसीईआरटीच्या सातवीच्या जुन्या पुस्तकात मराठे अठराव्या शतकाच्या प्रकरणातल्या एका भागात उरकले होते, हे खरंच. तेवढ्यापुरती तक्रार रास्त आहे, मान्य करतो. पण २०२५ मध्ये आलेल्या आठवीच्या नव्या पुस्तकात मराठ्यांच्या उदयावर अख्खं प्रकरण आहे. शिवाय महाराष्ट्रात बसून ही तक्रार करणाऱ्याला आपल्या बालभारतीचं चौथीचं पुस्तक आठवू नये? ते तर शिवाजी महाराजांवरच आहे, आणि पिढ्यान् पिढ्या आहे. माझ्या बहिणीनं स्वतः तेच वाचून परीक्षा दिली. सातवीला पुन्हा मध्ययुग येतं. दोन्ही पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. रद्दीत घालायलासुद्धा आधी छापून घ्यावी लागतील.

आता कादंबऱ्या. खरी आग इथेच आहे.

मी कादंबऱ्यांच्या विरोधात नाही. वाचनाची गोडी मला त्यांनीच लावली आणि आमच्या वाचनालयात सगळ्यांत जास्त पानं सुटलेली, बाइंडिंगला जाऊन जाऊन जाड झालेली पुस्तकं तीच आहेत. पण 'संवाद पाठ करून घ्या'? लेखकानं रात्री दिव्याखाली बसून रचलेलं वाक्य मुलानं महाराजांचं म्हणून पाठ करायचं? फॉरवर्ड म्हणतो, कादंबरीकारांनी संशोधन केलेलंच असतं. केलेलं असतंही. पण त्या संशोधनात न सापडलेलं भरून काढायला तर ते कादंबरी लिहितात. दोन माणसं बंद खोलीत काय बोलली हे कागदावर नसतं. कादंबरीत मात्र ते असावंच लागतं, नाहीतर ती चालायची कशी?

भाच्याची वही मी दिवाळीत पाहिली होती. त्यात ठसठशीत अक्षरात होतं: 'महाराज म्हणाले, गड आला पण सिंह गेला. म्हणून कोंढाण्याचं नाव सिंहगड पडलं.' शेजारी घोरपडीचं चित्र, दोर बांधलेली.

मी त्याला सभासदाची बखर काढून दाखवली. कृष्णाजी अनंत सभासद महाराजांच्याच दरबारातला. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून त्यानं जिंजीला बसून ही बखर लिहिली, शिवाजी महाराज गेल्यावर सुमारे सतरा वर्षांनी. पुस्तक अगदी लहान आहे. सिंहगडाचा मजकूर पाऊण-एक पानाचा. त्यात घोरपड नाही. ती पोवाड्यातून आली. सभासद म्हणतो, वानर चढतात तसे मावळे कड्यावर चढून गेले आणि त्यांनी वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, सोडली, मग बाकीचे चढले. आणि तानाजी कामी आल्याचं कळल्यावर महाराजांच्या तोंडी जे वाक्य आहे ते असं: 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला.' सिंह नाहीच, तानाजीच गड. सिंहाचं वाक्य घराघरांत पोचलं ते हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीच्या नावामुळे. आणि नाव पडण्याचं म्हणाल तर १६६३ च्या एका पत्रात महाराजांनी स्वतःच त्या किल्ल्याला सिंहगड म्हटलंय. तानाजी पडला १६७० च्या फेब्रुवारीत.

पोरगं दोन मिनिटं गप्प. मग म्हणालं, "म्हणजे माणसंच चढली? दोर नसताना?" घोरपड गेल्याचं दुःख वगैरे काही नाही. उलट त्याला कडा किती उंच होता ते हवं होतं. आणि म्हणे असं खरं सांगितलं की मुलांना इतिहास रुक्ष वाटतो.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग बखरींबद्दल फॉरवर्ड बरोबरच की! अर्धं बरोबर. सभासद जवळचा माणूस, म्हणून त्याचं वजन. पण तोही आठवणीतून लिहितो, त्याचे आकडे फुगतात आणि प्रसंगांचा क्रम चुकतो. बाकीच्या बखरी तर फारच उशिराच्या. मल्हार रामराव चिटणिसाची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे महाराज जाऊन सव्वाशेच्यावर वर्षं लोटली होती. याला डोळ्यांदेखत म्हणायचं तर मीही पानिपतावर हजर होतो म्हणायला हरकत नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे बखरींवर का तुटून पडले आणि अस्सल कागदांसाठी गावोगाव का हिंडले? त्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' खंडामागून खंड छापली, ती काही हौस म्हणून नव्हे.

सनावळी नको म्हणणाऱ्यांना एकच विचारतो: शिवजयंती कधी? उशिराच्या बखरी धरून बरीच वर्षं जन्मसाल १६२७ सांगितलं जात होतं. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख भक्कम झाली ती जेधे शकावलीमुळे. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेला हा कागद म्हणजे अमुक तिथीला अमुक झालं अशी निव्वळ यादी. सनावळीच. महाराजांच्याच काळातल्या परमानंद कवीच्या शिवभारत या काव्यानं तिला दुजोरा दिला. फॉरवर्डवाले १९ फेब्रुवारीला भगवे फेटे बांधतात ते कशाच्या जोरावर?

'शत्रूची साधनं नकोत' हे सगळ्यांत दळभद्री. राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. त्यानं लिहून ठेवलंय की दरवाजाशी दोन लहान हत्ती उभे होते, आणि गडाची वाट इतकी अवघड की ते वर आणले कसे हेच समजेना. सोन्याचा तराजूही त्यानं टिपलाय. आता सांगा, ही नोंद महाराजांना कमीपणा आणते का? आग्र्याच्या प्रकरणात महाराज दिसायला कसे, बोलले कसे, हे त्या वेळच्या राजपूत कारकुनांच्या पत्रांतून कळतं, आणि ते होते मुघलांच्या पदरी असलेल्या रामसिंगाचे. ही पत्रं फेकली तर आग्र्याची निम्मी गोष्ट आपल्याच हातानं पुसली म्हणायची. शत्रू खोटं लिहितो तेव्हा ते ओळखायला मुलानं शिकायचं की शत्रूचं वाचायचंच नाही?

राहिला तो १६३० च्या आधीचा 'अंधार'. शके बाराशे बारा, म्हणजे १२९०, ज्ञानेश्वरी. चक्रधरस्वामींच्या आठवणींचं लीळाचरित्रही त्याच शतकातलं, देवगिरीला यादव असतानाचं. लोक काय खात, कुठे उतरत, कुणाशी कसं बोलत हे त्यातल्या छोट्या छोट्या लीळांत सापडतं, दहा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवण्याजोगं. पुढे बहमनी, निजामशाही, एकनाथ. खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवून तिथे नहर खेळवणारा मलिक अंबर, ज्याच्या निजामशाहीत मालोजी-शहाजी नावारूपाला आले. हे सगळं वगळून स्वराज्य शिकवलं तर मुलाला ते आकाशातून पडल्यासारखं वाटेल, आणि मग महाराजांनी नेमकं अवघड काय केलं तेही त्याला कळणार नाही.

बहिणीला मी फोनवर एवढंच सांगितलं. बालभारतीची चौथी आणि सातवीची पुस्तकं उतरवून घे, किल्ल्यांचा एक मोठा नकाशा भिंतीवर लाव, सभासद मी पाठवतो, त्याची भाषा अडेल तिथे तू शेजारी बस. कादंबरी रात्री झोपताना, हवी तेवढी. ती म्हणाली, "पण मी दोन मागवल्या, आता परत कशा करू?" परत कशाला करतेस? त्याला शिसपेन्सिल दे आणि सभासदात सापडेल त्या वाक्याखाली रेघ ओढायला सांग. स्वतःच्या प्रतीवर मात्र. वाचनालयाच्या पुस्तकावर एक रेघ दिसली तर भाचा असला तरी दंड घेईन.