एका दिवसात ज्वालामुखी, नाश्त्यासह

सहलीचं पत्रक पूर्ण वाचायचं नाही, हा पहिला नियम. वर लाल अक्षरांत ‘कोकणचे ज्वालामुखी आणि गरम पाण्याचे झरे, एका दिवसात, गाईडसह’ एवढं दिसलं की पैसे भरून मोकळे व्हा. चित्रातला धूर ओकणारा डोंगर कोकणातला नाही, हे तुमच्या मेव्हण्याला कळेल; तुम्हाला कळायची गरज नाही. भारताच्या हद्दीत जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावर. तिथं माणूस राहत नाही, म्हणजे मिसळ मिळत नाही, म्हणजे सहल निघत नाही. पत्रकाच्या तळाशी बारीक टाइपात ‘ज्वालामुखी उपलब्धतेनुसार’ असं छापलेलं असतं. पत्रक हातात धरताना अंगठा बरोबर तिथंच ठेवा.

बस पुण्याहून पहाटे चारला सुटणार असते, म्हणजे पावणेपाचला सुटते. पुढच्या ओळीत बसू नका. तिथं दर सहलीला भूगोलाच्या एक निवृत्त बाई बसलेल्या असतात आणि त्यांना खरी माहिती असते. तुम्ही गाईडदादांच्या जवळ बसा. गाईडदादांकडे माहिती कमी असते, पण माईक असतो.

ताम्हिणीत उजाडतं. इथं खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा. उघडा राहिला तर समोरच्या कड्यात एकावर एक रचलेले आडवे थर दिसतात, आणि ते तसे का आहेत असा प्रश्न पडण्याचा धोका असतो. बाई टपलेल्याच असतात. मागे वळून त्या सांगतील, की यातला एकेक थर म्हणजे लाव्हाचा एकेक प्रवाह. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमीन लांबच लांब भेगांनी उकलली आणि अकराशे-बाराशे अंशांचा पातळ रस वर आला. तव्यावर घावनाचं पीठ पसरावं तसा तो पसरला. एक निवलं की त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. सुळका नाही, मुख नाही, नुसत्या भेगा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि शेजारच्या राज्यांचे तुकडे धरून आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर हा काळा कातळ आहे. म्हणजे ज्वालामुखी बघायला तुम्ही घरातून निघालात ते त्याच्याच पाठीवरून. ही माहिती फार घातक. एकदा पटली, की सहल सोसायटीच्या पार्किंगमध्येच संपल्यासारखी होते आणि भरलेले पैसे टोचायला लागतात.

गाईडदादा असल्या फंदात पडत नाहीत. माणगावच्या अलीकडे ते एका टोकदार टेकडीकडे बोट करतात आणि म्हणतात, ‘तो बघा, झोपलेला ज्वालामुखी!’ सगळी बस डावीकडे कलते. तुम्हीही कला. टेकडीला टोक आलंय ते पावसानं तिला चहूबाजूंनी खाल्ल्यामुळे, असं बाई पुटपुटतील, पण तोवर तुमचा फोटो काकूंच्या ग्रुपवर पोचलेला असतो आणि काकूंनी हात जोडलेले असतात. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, ‘दादा, परत कधी फुटणार?’ त्यावर गाईडदादा गंभीर चेहरा करतात. ‘सांगता येत नाही. म्हणून तर सेफ्टीसाठी आपण इथं पाचच मिनिटं थांबतोय.’ या उत्तरासाठी तरी त्यांना टाळी द्या.

बाईंचं म्हणणं असं, की तो आता इथं फुटायचा नाही. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते हा लाव्हा ज्या तप्त जागेवरून आला ती खालीच राहिली आणि भारत तिच्यावरून उत्तरेला सरकत गेला. ती जागा आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, इथून चार हजार किलोमीटरांहून लांब, आणि तिथला पितों द ला फुर्नेज अजून अधूनमधून आग ओकतो. थोडक्यात, आपली बस साडेसहा कोटी वर्षं उशिरा आली आणि चुकीच्या थांब्यावर उभी राहिली. हे ऐकू आलं नाही असं दाखवा आणि चिवड्याचं पाकीट फोडा.

महामार्गाला लागलात की झोपून घ्या, म्हणजे झोप येत असेल तर. रुंदीकरणासाठी डोंगर असे काही कापून ठेवलेत, की आतलं सगळं उघडं पडलंय. काही ठिकाणी दोन काळ्या थरांच्या मधे विटकरी पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत साचलेली ती माती, वरून आलेल्या लाव्हानं भाजलेली. विद्यापीठं ज्यासाठी मुलांना रानावनात पायपीट करायला लावतात, ते इथं कंत्राटदारानं रस्त्याकडेला मांडून ठेवलंय. तुम्ही खड्डे मोजा. दख्खनचा बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत ओतून झाला, असं मोजणाऱ्यांचं म्हणणं आहे. चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालंय. एवढ्यात कुरकुर बरी नव्हे.

महाडजवळचा सवचा झरा पत्रकात आहे. गाईडदादा तो बसमधूनच दाखवतात: ‘त्या झाडांच्या मागं.’ झाडं चांगली आहेत.

उन्हवऱ्याला मात्र उतरावंच लागतं. दापोली तालुक्यातल्या या गावाचं पाणी कोकणातल्या झऱ्यांत सगळ्यात कडक, ७० अंशांच्या आसपास. उतरल्या उतरल्या गंधकाचा वास येतो. शेजारच्या प्रवाशाकडे संशयानं बघून घ्या. गाईडदादा इथं माईकशिवायच ओरडतात, ‘पायाखाली लाव्हा खदखदतोय!’ लहान पोरं आईला बिलगतात. सहलीतला हा सर्वोच्च क्षण, तो बाईंच्या हाती जाऊ देऊ नका. कारण बाई पोरांना सांगायला लागतात, की हे पाणी म्हणजे कधीकाळी इथंच पडलेला पाऊस. भेगांतून तो खोल खोल मुरतो. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी ऊब वाढत जाते, मग खाली तापलेलं पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येतं. या भेगा किनाऱ्याला धरून दक्षिणोत्तर गेल्यात, म्हणून झरेही रांगेत लागलेले: सातिवली, अकलोली, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, थेट राजापूरपर्यंत. लाव्हाचा इथं काही संबंध नाही, तो कधीच गार झाला. आता तुम्हीच सांगा, ज्या पावसाला जुलैमध्ये शिव्या घातल्या त्याच्यातच अंघोळ करायला कुणी माणशी एवढे पैसे मोजेल का? तेव्हा लाव्हावर ठाम राहा.

सोबत अंडी आणा. गरम पाण्याच्या झऱ्यात अंडं उकडून बघितलं नाही तर आलो कशाला? विज्ञान तेवढं आडवं येतं. अंड्यातला पिवळा बलक ६५ ते ७० अंशांत घट्ट होतो, पण पांढरा नीट धरायला ८० च्या घरात जावं लागतं. त्यामुळे बराच वेळ रुमालात बांधून कुंडात सोडलेल्या अंड्याचं आत घट्ट आणि बाहेर शेंबूड असं काहीतरी तयार होतं. ते जावयाला द्या. गावातले म्हातारे एव्हाना तुमच्याकडे टक लावून बघत असतात, कारण त्यांच्यासाठी ही जागा देवाची आहे. त्यांना आदरानं सांगा, ‘आजोबा, सायन्स आहे.’ आजोबा काही बोलणार नाहीत. कोकणातला माणूस न बोलता जे बोलतो ते कळायला वेगळी सहल काढावी लागेल.

मग अंघोळ. हे पाणी त्वचारोगावर उतारा आहे अशी जुनी श्रद्धा. साहजिकच ज्याला ज्याला खरूज, नायटा, गजकर्ण आहे तो तो इथं येतो. तुम्हाला यातलं काही नसेल तर अशांच्या सोबत एकाच कुंडात दाटीवाटीनं बसा, पुढच्या वेळी यायला सबळ कारण मिळेल. ‘साबण लावू नये’ असा फलक दिसला तर तो साबण ठेवायला सोयीचा असतो. पाणी थेट अंगावर घ्या, आधी हाताच्या बोटानं अंदाज घेणं शहरी माणसाला शोभत नाही. किंचाळलात तरी चालेल, गाईडदादा त्याला ‘अनुभव’ म्हणतात आणि तो पत्रकात धरलेलाच आहे. शांपूच्या रिकाम्या पुड्या कुंडाशीच सोडा. लाखभर वर्षांनी कुणी इथले थर वाचायला बसलाच, तर आपल्या पिढीचाही एक चकचकीत पट्टा त्याला सापडायला हवा.

चिपळूणला जेवण. सुरमई, तिसऱ्या, सोलकढी, आणि चपला काढून खुर्चीवर मांडी. यानंतर आरवली, तुरळ आणि राजवाडी येतात. तुरळचं पाणी ६० अंशांच्या आसपास आहे आणि ते महामार्गाच्या इतकं जवळ, की उतरायला काही निमित्तही लागू नये. पण सोलकढीनंतर कुणी उतरत नाही. ड्रायव्हर उतरतो, पाय धुतो, परत येतो. तिन्ही ठिकाणं ‘पाहिली’ म्हणून नोंदवा.

दुपारच्या टळटळीत उन्हात सडा. लालसर जांभ्याचं हे ओसाड पठार बघून निम्मी बस म्हणते, ‘इथं तर काहीच नाही.’ बरोबर आहे. हा जांभा म्हणजे त्याच काळ्या लाव्हाचं शेवटचं रूप. लाखो वर्षांच्या पावसानं त्यातली सिलिका धुवून नेली, मागे उरलं लोखंड आणि अॅल्युमिनियम, आणि लोखंड गंजून तांबडं झालं. कोकणातली घरं, गडगे, विहिरी याच चिऱ्यांच्या. गाईडदादा ज्या घरात जन्मले त्याच्या भिंती गंजलेल्या लाव्हाच्या आहेत, आणि ते माईकवरून आपल्याला इंडोनेशिया समजावून सांगतात. पण आपला माणूस आहे, सोडून द्या.

याच सड्यांवर कुणीतरी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवलीत. युनेस्कोच्या संभाव्य यादीत ही कातळशिल्पं २०२२ मध्ये गेली, तेव्हा त्यांच्यावर बूट घालून उभं राहण्याचा मान आता अधिकच मोठा. रेषा फोटोत उठून दिसत नाहीत म्हणून खडू न्या. देवाचे गोठणे गावच्या सड्यावर होकायंत्राची सुई भरकटते, तिथं गाईडदादा मोबाइल आडवा धरून ‘दैवी शक्ती’ म्हणतात. बाई ‘खडकातलं चुंबकत्व’ म्हणतात. मतदान घ्या. गाईडदादा जिंकतील, कारण जांभ्यातल्या लोहापुढे नारळ फोडता येत नाही, शक्तीपुढे येतो.

राजापूरला पोचेपर्यंत अंधारतं. अर्जुना नदीकाठच्या उन्हाळे गावात दोन गोष्टी. एक गरम झरा, ४२ अंशांच्या आसपास, म्हणजे न भाजणारा, म्हणजे नीरस. आणि दुसरी गंगा. कोरडी पडलेली चौदा कुंडं एके दिवशी आपोआप भरतात, काही आठवडे वाहतात आणि पुन्हा आटतात. हे तीनेक वर्षांनी होतं असं लोक सांगत आले, पण अलीकडे तिचा हिशेब बिघडलाय. जमिनीखालच्या पोकळ्यांत पाणी साठत जातं आणि ठरावीक पातळीला पोचलं की वक्रनलिकेनं उपसलं जावं तसं बाहेर पडतं, असा एक खुलासा बाई देतात. पत्रकात यातलं काही नसतं. तिथं फक्त ‘सायं. ७.३० गंगादर्शन’ असतं.

गंगा अर्थातच आलेली नसते. आता भांडा. दिवसभर हसतमुख राहिलात, आता थांबू नका. कोरड्या कुंडाच्या काठावर उभं राहून, टॉर्च गाईडदादांच्या तोंडावर मारून विचारा, की साडेसात म्हणजे नक्की कोणते साडेसात. आवाज चढला की अंधारातून गावातला कुणीतरी येईल आणि म्हणेल, ‘गंगा काय यष्टी हाय, येळंवर यायला? आनि यष्टी तरी येळंवर येते काय?’ त्याच्याकडे लक्ष देऊ नका, तो पैसे भरून आलेला नाही.

गाईडदादा परतीच्या बसमध्ये तोडगा काढतात. पुढच्या महिन्यात ‘गंगा विशेष’ सहल, तारीख पक्की, आजच नोंदणी केली तर दहा टक्के सूट, शिवाय येताना आंबापोळी मोफत. लगेच आगाऊ रक्कम देऊन टाका. बाई नाव नोंदवणारच आहेत, त्यांच्या पुढच्या ओळीचं आत्ताच बघून ठेवा. आणि या वेळी पावतीवर ‘गंगा हमखास’ असं लिहून सही घ्या. गंगेची मिळणार नाही, गाईडदादांची घ्या.