ग्रीक देव वेदांतून 'उचलले' म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, तुम्हाला आला नसेल तर येईलच. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की ग्रीकांच्या धर्मग्रंथानुसार सुरुवातीला केऑस म्हणजे नुसता गोंधळ होता, झ्यूसने त्यातून जग आणि माणूस घडवला, झ्यूसचा बाप क्रोनोस हा काळाचा देव आणि काळ सगळ्यांना गिळतो म्हणून त्याने स्वतःची पोरं गिळली, ही अख्खी कथा आपल्या वेदांतून उचललीये (वरुणाचा युरेनस केला, इंद्राचा झ्यूस), आणि ग्रीक लोक बिचारे डोळे मिटून शेकडो वर्षं त्यावर विश्वास ठेवत बसले. शेवटी 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'. अभिमान आहे हो, पण पाठवणार नाही. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य गंडलंय, आणि खरी गोष्ट याच्यापेक्षा कितीतरी भारी आहे.

'धर्मग्रंथ' इथूनच सुरुवात करू. असला काही ग्रंथ ग्रीकांकडे नव्हताच. आपण जी कथा 'ग्रीक' म्हणून ऐकतो ती बहुतेक हेसिओड नावाच्या कवीची, इ.स.पू. ७०० च्या आसपासची, थिऑगनी नावाची हजारेक ओळींची कविता. हा माणूस ग्रीसमधल्या बिओशिया भागातल्या आस्क्रा गावचा, हेलिकॉन डोंगराखाली मेंढ्या चारत होतो तेव्हा म्यूझ देवतांनी मला गाणं शिकवलं असं तोच सांगतो, आणि त्या देवता त्याला आधीच सुनावतात की आम्हाला खऱ्यासारखं दिसणारं खोटंही बोलता येतं आणि मनात आलं तर खरंही. म्हणजे कवितेच्या सुरुवातीलाच डिस्क्लेमर. ही त्याची एक आवृत्ती झाली. होमरच्या इलियडमध्ये एके ठिकाणी ओकेआनोस हा पृथ्वीला वेढणारा प्रवाह सगळ्या देवांचं मूळ आहे आणि टेथिस त्यांची आई, तिथे केऑस वगैरे कुणी नाही. ॲफ्रोडाइटी हेसिओडकडे समुद्राच्या फेसातून येते, होमरकडे ती सरळ झ्यूस आणि डिओनीची मुलगी. इ.स.पू. सहाव्या शतकातला सायरोस बेटावरचा फेरेकिडीस म्हणतो की झास (म्हणजे झ्यूसच), काळ आणि क्थोनिए (पृथ्वीदेवी) हे तिघं कायमच होते, त्यांना सुरुवातच नाही, आणि झास लग्नात बायकोला एक कापड देतो ज्यावर त्याने पृथ्वी आणि समुद्र विणलेत. मला स्वतःला ही सगळ्यात आवडते. ऑर्फियस या दंतकथेतल्या गायकाच्या नावाने चालणाऱ्या (ऑर्फिक) कवितांमध्ये रात्र येते, अंडं येतं, आणि त्यातल्या एका कवितेवर कुणीतरी लिहिलेली टीका १९६२ मध्ये ग्रीसमधल्या थेसालोनिकीजवळ डेरवेनीला चितेच्या राखेत अर्धवट जळालेल्या पपायरसवर सापडली. आणि इ.स.पू. ४१४ मध्ये विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनिसने अथेन्सच्या रंगमंचावर पक्ष्यांच्या तोंडून सांगितलं की रात्रीने अंडं घातलं, त्यातून इरॉस निघाला, इरॉसपासून आम्ही पक्षी झालो, तेव्हा देवांपेक्षा आम्ही सीनियर! लोक हसले असणार, म्हणजे त्यांना असल्या कथा चांगल्या ठाऊक होत्या. आता यातला 'धर्मग्रंथ' कुठला धरायचा?

मग 'झ्यूसने जग घडवलं'. हेसिओडकडे तर झ्यूस तिसऱ्या पिढीतला. आधी केऑस झाला, तोही 'होता' नाही तर 'झाला', मग गाइआ म्हणजे पृथ्वी, टार्टारोस म्हणजे पाताळ, इरॉस म्हणजे प्रेम. गाइआने कुणाच्याही मदतीशिवाय ऊरानोसला म्हणजे आकाशाला जन्म दिला, मग त्याच्यापासून बारा टायटन (झ्यूसच्या आधीच्या पिढीतले देव, क्रोनोस त्यातलाच), तीन एकडोळे सायक्लोप्स आणि शंभर हातांचे तिघे. जग तयार आहे, डोंगर आहेत, समुद्र आहे, आणि झ्यूस अजून जन्मायचाय. त्याचं काम निर्मितीचं नाहीच, सत्ता मिळवायचं आणि मुख्य म्हणजे टिकवायचं आहे, आणि अख्ख्या कवितेचा विषयच हा आहे की गादी कोणाकडून कोणाकडे गेली. ऊरानोस पोरांना आईच्या पोटातच दाबून ठेवतो, गाइआ विळा बनवून देते, क्रोनोस त्याने बापाचं लिंग कापतो. पुढे क्रोनोस पोरं गिळतो, त्याची बायको रेआ त्याला कपड्यात गुंडाळलेला दगड देऊन झ्यूसला क्रीटमध्ये लपवते. झ्यूसला जेव्हा कळतं की आपली बायको मेटिस हिच्या पोटी आपल्यालाही भारी पडणारा मुलगा होईल तेव्हा तो पोरगं गिळायची वाटच बघत नाही, थेट त्या मेटिसलाच गिळून टाकतो. बाप आणि आजोबा दोघांची चूक बघून शिकलेला प्राणी. गोंधळातून कुठल्यातरी देवाने व्यवस्था लावली हे चित्र मुख्यतः रोमन कवी ओव्हिडचं, हेसिओडनंतर सातशे वर्षांनी लिहिलेलं, आणि तिथेही तो देव कोण ते ओव्हिड नाव घेऊन सांगत नाही. माणूस मातीतून प्रोमिथियसने बनवला हेही नंतरचं, थिऑगनीत माणसं कशी झाली ते येतच नाही. हां, एका ऑर्फिक कवितेत झ्यूस सगळं गिळून जग परत आपल्यातून बाहेर काढतो, तेव्हा मेसेजवाल्याला अर्धा मार्क देऊ, पण त्याने ती वाचली असेल असं वाटत नाही.

क्रोनोस म्हणजे काळ, ही गडबड मात्र व्हॉट्सॲपची नाही, खुद्द ग्रीकांचीच. काळाचं नाव आणि याचं नाव उच्चारात जवळजवळ सारखं, त्यामुळे पुढच्या विद्वानांना रूपक काढायचा मोह आवरला नाही, प्लुटार्क या ग्रीक लेखकानेही असं सांगणाऱ्या ग्रीकांचा उल्लेख केलाय. पण हेसिओडच्या क्रोनोसचा काळाशी संबंध नाही, त्याच्या हातात विळा आहे, आणि अथेन्समध्ये त्याच्या नावाने क्रोनिया नावाचा उन्हाळी सण व्हायचा, ज्यात मालक आणि गुलाम एकत्र जेवायचे. पोरं गिळणाऱ्याच्या नावाने पंगत, कमाल आहे. त्याने पोरं गिळली ती काळ सगळ्यांना गिळतो म्हणून नाही, तर तुझाच मुलगा तुला खाली ओढेल असं गाइआ आणि ऊरानोसने सांगून ठेवलं होतं म्हणून. साधं खुर्चीचं राजकारण.

आता मुख्य मुद्दा, चोरीचा. यात थोडं खरं आहे आणि ते आधी मान्य करू. झ्यूस आणि ऋग्वेदातला द्यौस् पितर, शिवाय रोमन ज्युपिटर, ही नावं एकाच जुन्या मुळातून आलीत यावर भाषाशास्त्रज्ञांचा वाद नाही. पण दोन चुलत भावांचं नाक सारखं दिसलं म्हणून एकाने दुसऱ्याचं नाक चोरलं असं होत नाही, दोघांना ते आजोबांकडून आलं. आणि मेसेजवाल्याने झ्यूसची जोडी लावलीये इंद्राशी, म्हणजे जे खरं नातं होतं तेच सोडलं! वरुण-युरेनस (म्हणजे वरचा ऊरानोसच) ही जोडी एकोणिसाव्या शतकात फार लोकप्रिय होती, आज बहुतेक अभ्यासक ती मानत नाहीत. बरं, नावं राहू दे, कथेचं काय? आजोबाला कापलं, बापाला हरवलं, मग वादळाचा देव राजा झाला, अशी तीन पिढ्यांची साखळी ऋग्वेदात नाही. चौथ्या मंडलात इंद्राला एक ऋचा विचारते की तुझ्या आईला विधवा कोणी केलं, तू बापाला पायाला धरून मारलंस तेव्हा, पण ते तेवढंच, पुढेमागे काही नाही. आणि नासदीय सूक्त तर थेट विचारतं की हे सगळं कुठून आलं ते वर बसलेल्यालाही माहीत असेल किंवा नसेलही, ते आणि थिऑगनीतली भाऊबंदकी यांचा स्वभावच वेगळा.

मग साखळी सापडते कुठे? तुर्कस्तानात. बोआझकोय गावाजवळ १९०६ पासून उत्खनन झालं, ती हित्ती या प्राचीन लोकांची राजधानी हत्तुशा निघाली, तिथल्या मातीच्या पाट्या वाचता वाचता त्यांच्या शेजारच्या हुर्रियन लोकांची एक कथा हाती लागली, हेसिओडच्या पाचेकशे वर्षं आधीची. आधी अलालू स्वर्गाचा राजा, नऊ वर्षं. मग त्याचा प्याला भरणारा अनू त्याला हाकलतो, अनू म्हणजे आकाश, तोही नऊ वर्षं. मग अनूचा प्याला भरणारा कुमार्बी उलटतो, अनू वर पळायला लागतो तर कुमार्बी त्याचे पाय धरून खाली ओढतो आणि त्याचं लिंग चावून गिळतो, हसतो, आणि अनू म्हणतो खुश होऊ नकोस, तुझ्या पोटात मी वादळाचा देव ठेवलाय. तो तेशुब, पुढचा राजा. आकाशाला कापणं, गिळणं, पोटातून देव निघणं, शेवटी वीज हातात घेतलेला विजेता, सगळे नग हजर. आणखी एका हित्ती कथेत आकाश आणि पृथ्वी ज्या हत्याराने वेगळी केली होती ते जुनं हत्यार परत बाहेर काढतात, तेव्हा गाइआचा विळा आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच कथेत देव हझ्झी डोंगरावरून शत्रूला बघतात, तो आजच्या तुर्कस्तान-सीरिया सीमेवरचा डोंगर, ग्रीक त्याला कासिओस म्हणायचे, आणि झ्यूस आणि टायफॉन राक्षसाच्या लढाईचा काही भाग एका ग्रीक लेखकाने याच डोंगरावर घडवलाय. डोंगरसुद्धा तोच!

ही कथा बिओशियातल्या शेतकऱ्यापर्यंत कशी पोचली त्याचा नेमका रस्ता सांगता येत नाही, पण रस्ते होते. ग्रीकांनी लिपी फिनिशियन लोकांकडून याच सुमारास घेतली, सीरियाच्या किनाऱ्यावर ग्रीक भांडी सापडतात आणि त्यातली बरीच युबीआ बेटावरची. हेसिओड म्हणतो की आयुष्यात मी एकदाच समुद्रावरून गेलो, तो युबीआला, गाण्याच्या स्पर्धेला, आणि बक्षीस घेऊन आलो. त्याचा बाप तर आशिया मायनरमधल्या किमे गावाहून आलेला. म्हणजे शेजाऱ्यांकडून कथा यायला दारं उघडीच होती, त्यासाठी सिंधूपर्यंत जायची गरज नाही.

आणि ज्यांना वैदिक देव तिथे हवेच आहेत त्यांच्यासाठी खरी मेजवानी याच हत्तुशात आहे. हित्ती राजा सुप्पिलुलिउमा आणि शेजारच्या मितान्नी राज्याचा राजा शत्तिवाझा यांच्या इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या तहाच्या पाटीत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य (म्हणजे अश्विनीकुमार) यांची नावं साक्षीदार म्हणून आलीत. ही गोष्ट त्या मेसेजमध्ये नाही! पण नीट बघा, वरुण आणि इंद्र तिथे तहाला साक्षी आहेत, कुमार्बीच्या भांडणात त्यांचं नाव कुठेच नाही, म्हणजे दोन्ही परंपरा एकाच गावात सापडूनही वेगळ्या दिसतात.

राहिलं 'डोळे मिटून विश्वास'. झेनोफेनिस हा ग्रीक कवी आणि विचारवंत इ.स.पू. सहाव्या शतकातच म्हणाला होता की माणसांत जे लाजिरवाणं समजतात, चोरी, व्यभिचार, फसवणूक, ते सगळं होमर आणि हेसिओडने देवांच्या माथी मारलंय, आणि बैल-घोड्यांना हात असते तर त्यांनी देव बैला-घोड्यांसारखेच काढले असते. इतिहासकार हिरोडोटस सरळ लिहितो की देवांची वंशावळ ग्रीकांना या दोन कवींनी दिली आणि ते माझ्या फार तर चारशे वर्षं आधीचे. प्लेटोला तर ऊरानोस-क्रोनोसची कथा पोरांच्या कानावर पडायलाच नको होती. सांगायचीच वेळ आली तर अगदी मोजक्यांना, गुपचूप, आणि त्याआधी बळी द्यायला लावा, तोही साधं डुक्कर नको, कुणाला सहज मिळणार नाही असा मोठा बळी, म्हणजे ऐकायला येणारे आपोआप कमी होतील.