मांजरीच्या किडनीवरचा खर्च आणि ‘पैशांचा माज’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

किडनी निकामी होत चाललेल्या मांजरीची घरी काळजी कशी घ्यावी, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय : “मरायला टेकलेल्या मांजरीला सलाइन लावून महिन्याला हजारो रुपये उडवणं हा निव्वळ पैशांचा माज आहे. तेवढ्यात गावाकडच्या एका पोराची वर्षाची फी निघेल. माझ्या बहिणीने तीन आठवड्यांत चाळीस हजार घातले, मांजर गेलीच. तुम्ही डॉक्टर लोक माणसांच्या भावनांवर धंदा करता आणि ‘आता थांबा’ असं कधी सांगत नाही.”

बहिणीच्या मांजरीचं वाईट वाटलं. तिच्याकडे शेवटी येते. आधी तुमचं पहिलं वाक्य, कारण ते वाचून लेखाखाली प्रश्न विचारणारे दोघे-तिघे गप्प झाले. घरात आजारी मांजर असलेल्या माणसाला ‘तुला माज आलाय’ असं भर चारचौघांत सांगणं मला अजिबात पटलेलं नाही.

माझी नोकरीची बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली. त्यामुळे जनावरावर पैसे घालणारा माणूस कोण असतो, हे कृपा करून मला शिकवू नका. व्यायल्यानंतर दुग्धज्वराने आडव्या पडलेल्या गाईला कॅल्शियमची साडेचारशे मिलीची बाटली शिरेतून सावकाश, छातीचे ठोके ऐकत द्यावी लागते, आणि ती बाटली आणायला मालक रात्री तालुक्याला गाडी पिटाळतो. ‘ती गाय दूध देते, तो हिशेबच आहे,’ असं तुम्ही म्हणाल. मग थकलेल्या बैलाचं काय? औताला चालत नाही, बाजारात कोणी विचारत नाही, तरी त्याच्या जखमेत आळ्या पडल्या की मालक दवाखान्यात येतो. जखमेत टर्पेंटाइनचा बोळा ठेवायचा, आळ्या वर आल्या की चिमट्याने एकेक काढायच्या, खोल पोकळी धुऊन मलम भरायचं, आणि हे रोज, जखम तळापासून भरत येईपर्यंत. मजुरी बुडवून तो माणूस हे करतो. त्याच्याकडे पैसा नसतो, माज तर नसतोच. शहरातली एखादी शिक्षिका तिच्या चौदा वर्षांच्या मांजरीसाठी तेच करते, तेव्हा तुम्हाला तो श्रीमंती थाट का वाटतो?

आता ‘हजारो रुपये’. लेखात मी दिलेले दर मुंबई-पुण्याचे होते. लहान गावात औषधं स्वस्त पडतात, पण रक्ताची तपासणीच मिळत नाही, म्हणून जाण्यायेण्याचा खर्च वाढतो, हे तुमच्या बाजूने मान्य करते. पण ज्या सलाइनवर तुमचा एवढा राग आहे, तो या सगळ्यातला सर्वांत स्वस्त भाग आहे. रिंगर लॅक्टेट म्हणजे हेच सलाइन; त्याची ५०० मिलीची बाटली औषधाच्या दुकानात साधारण शंभर रुपयांच्या आत मिळते. साधारण चार किलोच्या मांजरीला एका वेळी १०० मिली, एक दिवसाआड दिलं आणि उघडलेली बाटली आठवड्यानंतर टाकून दिली, तर महिन्याला चार-पाच बाटल्या लागतात. वर एक नळी आणि मोजक्या सुया. रक्तदाब वाढलेला असेल तर ॲम्लोडिपिन : अडीच मिलीग्रॅमच्या गोळीचा चतकोर, दिवसातून एकदा, माणसांच्याच दुकानातून. महाग पडतं ते किडनीसाठीचं तयार खाद्य आणि सुरुवातीच्या तपासण्या. म्हणजे ‘सलाइन लावून पैसे उडवतात’ हे वाक्य लिहिताना तुम्ही सलाइनची किंमतही पाहिलेली नाही.

हे सलाइन शिरेतून नाही, कातडीखाली देतात, आणि ते घरी नीट जमतं. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवायची. मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही, कारण आतलं पाणी कुठे गार, कुठे भाजेल इतकं गरम राहतं. दोन थेंब मनगटावर टाकून पाहायचे. बाटली खिडकीच्या गजाला मांजरीच्या पाठीपेक्षा तीनेक फूट उंच टांगायची आणि नळीतली हवा काढून टाकायची. दोन्ही खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलली की तंबूसारखी पोकळी होते. सुई त्या पोकळीच्या पायथ्याशी, पाठीला समांतर आत घालायची. सुई २० नंबरची घ्या. २२ नंबरची बारीक म्हणून लोक मुद्दाम मागतात, पण तिच्यातून १०० मिली जायला इतका वेळ लागतो की मांजर मध्येच उठून जाते.

बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. सुई चिमटीच्या आरपार जाते आणि पलीकडची लोकर ओली होते. अशा वेळी सुई थोडी मागे घ्यायची. धार थांबते, कारण सुईचं तोंड आतल्या पडद्याला चिकटलेलं असतं. तिथे सुई जरा फिरवली की पुन्हा वाहू लागतं. तिसरी चूक जास्त वाईट : दुकानदार रिंगर लॅक्टेट नाही म्हणून डेक्स्ट्रोजची बाटली देतो. साखरेचं सलाइन कातडीखाली कधीही देऊ नये. त्याने शरीरातलंच पाणी त्या जागी ओढलं जातं आणि गळू होऊ शकतं. पाठीवर आलेला फुगवटा खाली पुढच्या पायाकडे सरकतो, त्याला घाबरायचं कारण नाही, काही तासांत तो जिरतो. पण पुढच्या वेळेपर्यंत जिरला नसेल तर पुढचा डोस द्यायचा नाही, फोन करायचा. झोपलेल्या मांजरीचा श्वास मिनिटाला तीसच्या वर सतत जात असेल तर सलाइन बंद, कारण छातीत पाणी साचत असू शकतं. हृदयाचा आजार असलेल्या मांजरीला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही नको. दर वेळी नवी सुई लावायची, आणि उघडलेली बाटली आठवड्यापलीकडे वापरायची नाही, अर्धी उरली तरी ओतून द्यायची.

खाण्याबद्दल मूळ लेखात लिहिलं होतं, तरी एक गोष्ट पुन्हा सांगते, कारण पैसे वाचवायच्या नादात इथेच घात होतो. ‘किडनीला प्रोटीन वाईट’ असं ऐकून लोक मांजरीला दूध-भातावर आणतात. मांजर मांसाहारीच आहे. मांस तोडलं की तिचे स्नायू झिजतात. खरा शत्रू फॉस्फरस आहे. तयार खाद्य परवडत नसेल तर हाडं काढलेलं उकडलेलं चिकन आणि अंड्याचा पांढरा भाग यांवर डॉक्टरांकडून आहार ठरवून घ्या. सुकट, जवळा, बोंबील पूर्ण बंद : त्यांत मीठही आहे आणि फॉस्फरसही. कलेजीही नको. खाण्यातला फॉस्फरस बांधून ठेवणारं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड खाण्यात कालवूनच द्यायचं, उपाशीपोटी दिलं तर त्याचा उपयोग नाही. हेच औषध ज्यांत असतं त्या बाजारातल्या बऱ्याचशा अँटासिडांत (आम्लपित्ताच्या औषधांत) मॅग्नेशियमही असतं, ते चालणार नाही. आणि मळमळ चालू असताना नवं खाद्य पुढे करू नका. त्या वासाचा संबंध मांजर आजाराशी जोडते आणि पुढे त्याला तोंड लावत नाही.

‘थांबा असं कधी सांगत नाही’ हा आरोप तुम्ही सरसकट सगळ्या डॉक्टरांवर केलात. तुमचा राग समजून घेतला तरी हे बोलणं बेजबाबदार आहे. नको त्या तपासण्या करणारे लोक या व्यवसायात आहेत. कुठल्या व्यवसायात नाहीत? पण कधी थांबायचं याला नियम आहेत आणि ते गुपित नाहीत. प्राण्यांच्या किडनीविकारांच्या पायऱ्या ठरवणाऱ्या आयरिस या आंतरराष्ट्रीय गटाच्या वर्गवारीत मांजरीचं क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ, मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) १.६ ते २.८ म्हणजे दुसरी पायरी, २.९ ते ५ तिसरी, पाचच्या वर चौथी. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच्या मांजरी नीट काळजी घेतली तर पुष्कळदा काही वर्षं बऱ्यापैकी जगतात. तुम्ही ज्यांना ‘मरायला टेकलेल्या’ म्हणता, त्या याच : उन्हात बसणाऱ्या, खाणाऱ्या, माणसाच्या पायात घुटमळणाऱ्या.

चौथ्या पायरीवर मात्र आकड्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. उलट्यांनी कोरड्या पडलेल्या मांजरीचं क्रिएटिनिन किडनीच्या खऱ्या अवस्थेपेक्षा जास्त दिसतं. म्हणून दोन ते तीन दिवस शिरेतून सलाइन देऊन ते पुन्हा मोजायचं. उतरलं आणि मांजर खाऊ लागली, तर पुढे जाण्यात अर्थ आहे. तीन दिवसांनीही आकडा तिथेच असेल, सोनोग्राफीत दोन्ही किडन्या लहान, खडबडीत दिसत असतील, जिभेच्या कडांना व्रण असतील, मांजर पाण्याच्या वाटीवर मान घालून नुसती बसून राहत असेल, तर थांबायचं. मी मालकांना हेच सांगते, स्पष्ट शब्दांत. थांबायचं म्हणजे आधी गुंगीचं इंजेक्शन आणि मग शिरेतून भुलीच्या औषधाचा जास्त डोस. ‘निसर्गाने जाऊ द्या’ म्हणून टोपलीत ठेवून दिलेली मांजर रक्तात साचलेल्या विषामुळे कित्येक दिवस मळमळत, तोंड आलेलं असताना मरते. प्राण्याला नाहक वेदना होऊ नयेत हे पाहणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या तिसऱ्या कलमाने पाळणाऱ्याचं कर्तव्य ठरवलं आहे. त्या वेदना फुकट टळत नाहीत.

आणि सगळीच ‘महागडी’ बिलं म्हाताऱ्या मांजरींची नसतात. तरुण बोका वाळूत पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, एक थेंब येत नाही. मालकाला बद्धकोष्ठ वाटतं. खरं तर मूत्रमार्ग तुंबलेला असतो. रक्तात पोटॅशियम चढतं आणि दीड-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. भूल देऊन बारीक नळी घालायची, मूत्राशय सलाइनने धुवायचं, नळी एक-दोन दिवस ठेवायची, लघवी मोजत राहायची. याचं बिलही मोठं येतं. पण त्या रात्री पैसे घालणारा माणूस बहुधा धडधाकट बोका घरी घेऊन जातो. लिली चावलेल्या मांजरीचंही तसंच. गुच्छातल्या लिलीचा पराग अंगावरून चाटला तरी मांजरीची किडनी बंद पडू शकते, पण पहिल्या काही तासांत उपचार सुरू झाले तर वाचायची संधी चांगली असते. वय किंवा बिलाचा आकडा पाहून हे ठरत नाही. आजार मागे हटण्यासारखा आहे का, एवढंच आधी पाहावं लागतं.

पोराच्या फीबद्दल फार बोलणार नाही. मांजर मेली म्हणून ते पैसे आपोआप शाळेत जात नाहीत. फी भरायची असेल त्याने जरूर भरावी, मांजर असो वा नसो.

ज्यांना खरंच परवडत नाही त्यांच्यासाठी, तुमच्यासाठी नव्हे, एक गोष्ट : पशुवैद्यक महाविद्यालयांच्या दवाखान्यांत शुल्क खाजगीपेक्षा बरंच कमी असतं. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यातलं शिरवळ इथेही आहेत. सकाळी लवकर जा, जुने सगळे अहवाल न्या, आणि मांजर बंद पिंजऱ्यातच न्या, कारण बाहेर कुत्रे असतात.

आता तुमच्या बहिणीची मांजर. कागद न पाहता त्या डॉक्टरांना मी चुकीचं म्हणणार नाही आणि बरोबरही म्हणणार नाही. कागद जपून ठेवले असतील तर चार गोष्टी शोधा. पहिल्या दिवसाचं क्रिएटिनिन किती होतं, आणि सलाइननंतर दोन-तीन दिवसांनी ते पुन्हा मोजलं का? लघवीची घनता काढली का? मांजरीत ती १.०३५ च्या खाली आणि क्रिएटिनिन वर असेल, तर दोष किडनीचाच असण्याची शक्यता मोठी. सोनोग्राफीत किडन्या लहान लिहिल्यात की मोठ्या? मोठ्या असतील तर अचानक झालेली इजा, अडकलेला खडा किंवा गाठ यांचा शोध घ्यायला हवा होता, आणि तो खर्च रास्त होता. लहान असतील आणि दुसरं क्रिएटिनिन पहिल्याइतकंच असेल, तर पहिल्या आठवड्यातच बहिणीशी थांबण्याबद्दल कोणीतरी बोलायला हवं होतं. मांजरीचं नाव आणि घरातल्यांची नावं झाकून हे आकडे इथेच लिहिलेत तरी चालेल. मी वाचून उत्तर देईन.